देवघेव बंद

माझं शिलाईचं दुकान अन् गावचं वाचनालय समोरासमोर आहे. मधात डांबरी रस्ता, तोही नावाचाच डांबरी. मशीनवर बसली का नजर सरळ वाचनालयाच्या ओसरीवर जाते. दुसरं पाहायले आहेच काय? एक पानठेला, एक बंद पडलेली पिठाची चक्की अन् हिरासिंगभाऊ. तेव्हा हिरासिंगभाऊची गोठ मी नाही सांगणार तं कोण सांगणार? वाचनालयाच्या कमिटीवाल्यायले सांगायले लावाल तं त्यात कमिटीच राहीन, हिरासिंगभाऊ राहणार नाही.

हिरासिंग आडे हे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. गाव आमचं दारव्हा-आर्णीच्या मधात, मोठ्या रस्त्यापासून आत. कालव्यापलीकडे बंजाऱ्यायचा तांडा आहे, तो त्यायचा. तांड्यातून मॅट्रिक झालेला पहिला पोट्टा म्हणून जुन्या हेडमास्तरनं वाचनालयाची किल्ली त्यायच्या हातात देल्ली. तवा वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळामागं ठेवलेली एक लोखंडी पेटी होती. मंग ते सोसायटीच्या गोदामात गेलं, तिथं खताच्या वासानं लोक वाचता वाचता शिंकत. मंग ग्रामपंचायतीनं ही जुनी इमारत देल्ली, सरकारी अनुदान लागलं, तपासणीवाले साहेब येऊ लागले. साहेब आले का कमिटी पुढं, फोटोतही कमिटी पुढं. झाडू मारायले अन् कुलूप उघडायले हिरासिंगभाऊ.

पण गर्दी काय राहे माय त्या काळात! दिवस कलला का ओसरीवर सतरंजी पडे, अन् गावातले अन् तांड्यातले त्या एकाच सतरंजीवर बसत. आमच्याकडं पोळा त्यायचा वेगळा भरे, आमचा वेगळा. विहिरीही वेगळ्या. पेपर ऐकायले मात्र मांडीले मांडी लावून. हिरासिंगभाऊ पेपर मोठ्यानं वाचत, आधी मराठीत, मंग तांड्यातल्या म्हाताऱ्यायसाठी तेच त्यायच्या गोरबोलीत. आमचे लोक मस्करी करत, "अगा हिरासिंग, कापसाचा भाव तुह्या बोलीत तरी वाढवून सांग!"

आत एक टेबल होता, त्यावर लाकडी पाटी, 'देवघेव विभाग'. वाचनालयाच्या भाषेत देवघेव म्हणजे पुस्तक घरी नेणं अन् वाचून परत आणणं. आमच्या भाषेत देवघेव म्हणजे निराळीच गोठ. लेक देणं, सून आणणं, सकाळी विरजण मागणं, मयतीले खांदा देणं, सगळं त्यातच आलं. दोन घरायची देवघेव बंद झाली म्हणजे तोंड पाहणं बंद. नवी सून गावात आली अन् ती पाटी पाहून लाजली, तिले वाटलं इथं सोयरीक जमवतात का काय. आम्ही हसून हसून बेजार झालतो.

हिरासिंगभाऊची देवघेव त्यायच्या स्वतःच्या रीतीची होती. पुस्तक उशिरा आणलं तं ते दंड घेत नसत. पुस्तक आणलं का आधी समोरच्या स्टुलावर बसवत अन् म्हणत, "सांगा, काय झालं त्यात." पुस्तक घेऊन गेलं तं येताना गोठ आणा लागे, तिच्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नसे. भगवानराव म्हणून आमचे एक शेजारी, त्यायनं एकदा खुनाची कादंबरी नेली अन् दुसऱ्याच दिवशी आणून टाकली.

"काय झालं त्यात?"

"खून झाला."

"कोणाचा?"

"जो मेला त्याचा!"

हिरासिंगभाऊनं पुस्तक उलटं त्यायच्याच हातात देल्लं. "जा, भगवानराव, नीट वाचून या." बिचारा माणूस चरफडत गेला, अन् मंग असा काही अडकला का बैलायले पाणी दाखवायचं इसरला. परत आला तवा तासभर सांगत राह्यला. हिरासिंगभाऊ हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते, अन् मधा मधात फक्त "मंग?" म्हणत होते. त्यायनं ते पुस्तक कितीकदा वाचलं असन देव जाणे, पण ऐकताना तोंडावर असं, जसं आत्ताच पहिल्यांदा ऐकून राह्यले.

मले वाटते, त्या माणसाले पुस्तकाची भूक कमी अन् सांगणाऱ्याची जास्त होती. अन् घरी तं सांगणारं कोणी राह्यलंच नव्हतं. बायको धनीबाई तापाच्या दुखण्यात गेली. लेक उज्ज्वला पुण्याले कंपनीत आहे, पोरगी गुणाची, दर रविवारी फोन करते. पण तिचा फोन म्हणजे, "बापू, जेवले का? गोळी घेतली का? बरं, ठेवते." ती तरी काय करीन? तिच्यामागं तिचा व्याप. हिरासिंगभाऊ फोन खिशात टाकत अन् माझ्याकडं पाहून म्हणत, "झालं बोलणं." मले त्या दोन शब्दायचा राग ये. कोणावर ये, ते नाही सांगता येत.

हळूहळू लोक कमी झाले. टीव्ही आला तवा थोडे, मोबाइल आला तवा सगळेच. पेपर मोबाइलवर, भाव मोबाइलवर, भांडणंही मोबाइलवर. सतरंजी गुंडाळली ती गुंडाळलीच. मंग एक नवीच गर्दी आली. भरतीवाली पोट्टे-पोट्टी. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक, जी निघन ती. घरी जागा नाही, गोंगाट, म्हणून वाचनालयात येऊन बसत. मी त्यायले नावं ठेवणार नाही. त्यायच्यातलीच एक, समीक्षा, त्याच बाकावर बसून पोलिसात लागली, तवा मीच गावभर पेढे वाटले, तिचा युनिफॉर्मही मीच फिटिंग करून देल्ला. पण हे पोट्टे सकाळी येत, आपापली जाडी गाईडं उघडत, कानात मोबाइलची बोंडं घालत अन् दिवस बुडेपर्यंत मान वर करत नसत. हिरासिंगभाऊ समोरच खुर्चीवर. खोली भरलेली, पण त्यायच्याशी बोलणारं एकही माणूस नाही. कोणाजवळ गेले अन् म्हटलं, "बाळा, थकला असशीन, हे एक वाचून पाय," तं पोट्टं कानातलं बोंड काढून म्हणे, "सिलॅबसमध्ये आहे का काका?" नाही म्हटलं का बोंड परत कानात.

मंग कमिटीची मिटिंग झाली. सचिव राजकुमार, आपल्या गावचाच पोरगा, मनानं वाईट नाही, पण कामाची भलती घाई. त्याचं म्हणणं, पोट्ट्यायले जागा पुरत नाही, पुस्तकायची कपाटं मागच्या खोलीत सरकवू, समोर पूर्ण अभ्यासिका करू. पुस्तक नेणारं तसंही कोणी नाही, ते बंदच करू. हिरासिंगभाऊ म्हणे, "अन् कोणी आलं तं?"

"कोण येते, काका? तुम्हीच सांगा, शेवटचं कोण आलतं?"

हिरासिंगभाऊनं टेबलावरची लाकडी पाटी सरळ केली. त्यायले नाव सांगता येत नव्हतं असं नाही. शेवटच्या त्या इंदूबाई होत्या, भगवानरावच्या घरच्या, अन् त्यायचं वर्षश्राद्धही होऊन गेलतं.

कपाटं मागं गेली. वरून राजकुमार म्हणे, "काका, तुमचं अक्षर सुंदर आहे, पाटीही तुम्हीच लिहून द्या." मी रस्त्याच्या या बाजूनं पाहून राह्यलती. ओसरीवर खाली बसून, चष्मा नाकावर, त्यायनं निळ्या रंगात ब्रशनं लिहिलं. दारावर टांगलं तवा मले इथून वाचता आलं, एवढी ठळक अक्षरं होती: 'देवघेव बंद आहे.'

मी ओरडली, "हिरासिंगभाऊ, हे काय लिहिलं वो तुम्ही?"

"जे सांगतलं ते लिहिलं," म्हणे, अन् ब्रश धुवायले मागं गेले.

आता पुढची गोठ ऐका. त्याच आठवड्यात तांड्यातल्या म्हशी गावातल्या एकाच्या तुरीत शिरल्या अन् बांधावर शिवीगाळ झालती. अशा गोठी होतच असतात, दोन दिवसानं माणसं इसरतात. पण त्याच गरमागरमीत कोणीतरी त्या पाटीचा फोटो काढून तांड्याच्या ग्रुपवर टाकला. फक्त पाटी. देवघेव बंद आहे. तांड्यात आग लागली! गावानं आपल्याशी देवघेव बंद केली, अन् तेही पाटी लावून, अन् पाटीवर अक्षर कोणाचं तं आपल्याच हिरासिंगचं!

हे सगळं आम्हाले मागून कळलं. त्या सकाळी मले एवढंच दिसलं का कालव्याच्या वाटेनं माणसं येऊन राह्यली. एक दोन नाही, चांगला जमाव. पुढं धरमसिंग नायक, तांड्याचे मुख्य, पांढरी पगडी, हातात काठी. मागं नेमसिंग, वाचनालयाचा जुना वाचक, अन् जुन्या काळी ज्या म्हाताऱ्या सतरंजीच्या कडेले बसून पेपर ऐकत, त्याही. कापूस वेचायचे दिवस, अन् वेचणी सोडून माणसं आलेली!

हिरासिंगभाऊ ओसरीवर खुर्ची टाकून बसलते. त्यायनं डोळ्यावर हात धरून पाहिलं. मंग ताडकन उठले. त्या वयात माणूस असा उठते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"नंदाबाई! ओ नंदाबाई! आले वो! पाटी वाचून आले! पुस्तकासाठी आले!"

खोटं काहून सांगू, मलेही तसंच वाटलं.  अर्धा ब्लाउज मशीनमध्येच सोडून मी रस्ता ओलांडून गेली. हिरासिंगभाऊ मागच्या खोलीत कपाटायची दारं धडाधड उघडत होते. "हे नेमसिंगले लागे, शिकारीचं. हे नायकाले द्या लागन, ते तेव्हा अर्धं राह्यलतं. नंदाबाई, चहा सांगा ना कोणाले तरी, इतके लोक आले." छातीशी पुस्तकायचा ढीग धरला अन् तसेच ओसरीवर आले. आतली भरतीवाली पोट्टीही कानातली बोंडं काढून दारात आली.

धरमसिंग नायकानं काठीनं पाटी दाखवली. "हिरासिंग, हे तू लिहिलं?"

"मीच लिहिलं, नायक. मले लिहा लावलं."

"हात नाही थरथरला?"

"थरथरला. खूप थरथरला."

"इतक्या पिढ्यायची देवघेव. आमच्या बापायनं केली, आम्ही केली. अन् एका पाटीनं बंद?"

"मी कमिटीले हेच म्हटलं, नायक! माझं कोणी ऐकलं नाही."

"आम्ही हे चालू देणार नाही."

हिरासिंगभाऊच्या डोळ्यातून पाणी आलं. दोन्ही हातात पुस्तकं, पुसायले हात मोकळा नाही, तसंच गालावर वाहू देल्लं. "नका चालू देऊ, नायक. मले माहीत होतं तुम्ही येसान. मी म्हणत होतो ना, लोक येतीन. या, बसा ना सगळे." मले म्हणे, "ती सतरंजी काढा, नंदाबाई, माळ्यावर आहे." अन् मी बह्याडासारखी खरंच सतरंजी काढायले आत गेली.

तेवढ्यात राजकुमारची मोटरसायकल आली. कोणी फोन केला असन. पोराच्या तोंडचं पाणी पळालं होतं, गाडी स्टँडवर लावायचीही शुद्ध नाही. "नायक, काय झालं? शांततेनं बोला, आपण बसून मिटवू."

"काय मिटवता? तुमच्या गावानं आमच्याशी देवघेव तोडली. म्हशी शिरल्या तं भरपाई मागा, पाटी कायले लावता? उद्या आमच्या मयतीले येणार नाही तुम्ही?"

राजकुमारनं पाटीकडं पाहिलं. मंग कपाळावर हात मारून घेतला. "अहो नायक! ही पुस्तकायची देवघेव आहे! वाचनालयातून पुस्तक घरी नेणं बंद, एवढंच. तांड्याचा काय संबंध?"

नायकानं पाटीवर रोखलेली काठी खाली घेतली.

"पुस्तकायची?" नायकानं विचारलं.

"पुस्तकायची!"

धरमसिंग नायक मागं वळले, गोरबोलीत काहीतरी म्हणाले, अन् सगळा जमाव असा हसला, असा हसला! म्हाताऱ्या तोंडाले पदर लावून हसल्या. नेमसिंगनं राजकुमारच्या पाठीत थाप मारली. राजकुमारही हसायले लागला, जीव भांड्यात पडला ना त्याचा. मी सतरंजी काखेत घेऊन दारात उभी, अन् मले काय चाललं ते समजायलेच वेळ लागला.

"हात् तिच्या! पुस्तकायचीच होय! मंग काही हरकत नाही, चालू द्या तुमचं," नायक म्हणाले. "आम्हाले वाटलं माणसायची बंद केली."

चहा आला, तो मीच सांगतलता. सगळ्यायनं उभ्या उभ्याच घेतला, तुरीची भरपाईही तिथंच ठरून गेली. गावाचं अन् तांड्याचं मस्त जुळलं. वेचणीले उशीर होऊन राह्यला म्हणून माणसं आल्या वाटेनं परत निघाली. हिरासिंगभाऊ अजूनही ओसरीच्या पायरीवर, पुस्तकं छातीशी धरून. कोणी त्यायच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं नाही. नेमसिंग जवळून गेला तवा त्यायनं एक पुस्तक जरासं पुढं केलं, पण नेमसिंगनं "राम राम हिरासिंग, येतो," म्हटलं अन् गेला.

"माणसायचीच होती, नायक," हिरासिंगभाऊ म्हणाले. पण एवढ्या हळू का माझ्याशिवाय कोणाले ऐकू गेलं नाही. नायक तं कालव्यापर्यंत पोहोचले होते.

राजकुमारनं दुसऱ्या दिवशी पाटीवर 'देवघेव' च्या आधी बारीक अक्षरात 'पुस्तक' हा शब्द घुसवला, परत घोटाळा नको म्हणून. जागा नव्हती, तं वाकडा झाला. हिरासिंगभाऊ मात्र रोज येत राह्यले. कुलूप उघडायचं, झाडायचं, खुर्चीवर बसायचं. उज्ज्वला फोनवर म्हणे, "बापू, सोडा ना आता, पुण्याले या." ते म्हणत, "पाहू." पुण्याले तरी कोण होतं दिवसभर? ती कामावर, जावई कामावर. कधी कधी ते मागच्या खोलीत जात अन् बऱ्याच वेळानं येत. मी विचारलं, "काय करता वो मागं?" म्हणे, "काही नाही, वाळवी पाहून येतो."

मले चीड आली. राजकुमारवर आली, नायकावर आली, त्या नेमसिंगवर तं सगळ्यात जास्त. एक पुस्तक हातात घेतलं असतं तं काय हात झडला असता? त्याच चिडीत मी एका दुपारी गेली अन् म्हटलं, "हिरासिंगभाऊ, मले एक पुस्तक द्या."

"बंद आहे ना, नंदाबाई."

"माझ्याशी बंद आहे का? द्या मले."

त्यायनं किती वेळ लावला निवडायले! शेवटी एक जाड कादंबरी आणली, पदरानं पुसावं तसं सदऱ्यानं पुसून देल्ली. मी ती दुकानात नेऊन ठेवली, अस्तराच्या गठ्ठ्यावर. वाचीन म्हटलं खरं. पण लग्नाची सराई लागली, पिको-फॉलच्या साड्यायचा ढीग, अन् रात्री डोळे असे चुरचुरत का सुईत दोरा ओवणं होत नसे, बारीक अक्षरं कुठून वाचणार? एक पान उलटलं नाही मी. खरं सांगते, एकही नाही.

आठवडा झाला तसे हिरासिंगभाऊ रस्ता ओलांडून आले. ते कधी येत नसत माझ्या दुकानात, बायायचं दुकान म्हणून. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, काठी भिंतीले टेकवली. अंगात धुतलेला सदरा होता. हनुवटीखाली हात घेतला.

"सांगा, नंदाबाई. काय झालं त्यात?"

पुस्तक तं साड्यायच्या ढिगाखाली दबून गेलतं. पण तोंड पाहून नाही म्हणवेना. मी कव्हरवरचं चित्र आठवलं. एक बाई होती अन् मागं डोंगर. तं मी सुरू केलं, एक बाई असते, तिचा नवरा परगावी जाते, ती एकटीच डोंगराखाली राहते.

"मंग?"

मंग मी तिच्या दारात एक म्हातारा आणला. मंग तिची गाय हरवली. मंग गाय सापडली, तं म्हातारा हरवला. मशीन चालवत चालवत मी बोलतच राह्यली, मले स्वतःलेच समजेना का मी कुठं चालली. हिरासिंगभाऊ ऐकत होते. एकदाही थांबवलं नाही, एकदाही भुवई वर केली नाही, अन् त्यायले तं ते पुस्तक पाठ होतं. बाहेर भरतीवाली पोट्टी घरी निघाली, वाचनालयाचं दार उघडंच होतं, पण ते उठले नाहीत.

शेवटी माझ्याजवळचं सगळं सरलं. मशीन थांबवली. अन् मी म्हटलं, "हिरासिंगभाऊ, मी काहीच वाचलं नाही वो. सगळं मनानं सांगून राह्यली."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "तुम्ही बोलत राहा."